अंगच धरत नाही, बाई!

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरियांनी सात-सात घरांच्या मधे एकेक चौक ठेवला, शेजाऱ्यांचं जाणंयेणं राहावं म्हणून. आमच्या चौकातलं जाणंयेणं आजी एकट्याच सांभाळतात. कुणाकडे बाळ आलं, की बारशाआधीच त्या हजर. बाळाला उचलायचं, हातात दोनदा तोलायचं, पोटरी चिमटीत धरायची आणि निकाल द्यायचा, "अंगच धरत नाही, बाई!"

काट्यावरचा आकडा त्यांना मान्य नसतो. मनगटाला दोरा बांधल्यासारखी वळी पडली पाहिजे. बाळ रडलं तर भुकेनं, झोपलं तर अशक्तपणानं आणि खेळत असलं तर "पोटात काही नाही, म्हणून हातपाय झाडतंय." त्यांना स्वतःला नातू झाला, तेव्हा सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं सुनेनं बजावलं. आजी "हो का?" म्हणाल्या आणि चौथ्याच महिन्यात वरणाच्या पाण्यात करंगळी बुडवून नातवाच्या तोंडात दिली. "चव नको कळायला?"

पुढे सून पुन्हा कोकण भवनात कामावर जाऊ लागली आणि पावडरचा डबा घरात आला. चमचा सपाट भरा, असं त्यावर लिहिलेलं. आजींच्या मते हा चिक्कूपणा. त्यांच्या चमच्याला शीग असते. डब्यावर त्यांचा आणखी एक राग. "पूर्वी कसं गोबरं बाळ असायचं वर! आता नुसती अक्षरं." १९९२ च्या कायद्यानं डब्यावर बाळाचं चित्र छापायला बंदी आहे, असं मी सांगितलं. आजींचा चेहरा उजळला. "बघ! सरकारसुद्धा दृष्टीला भितं."

कारण बाळसं हवं, पण त्याबद्दल बोलायचं नाही. "गुटगुटीत झालाय हो" असं कुणी म्हटलं, की आजी मीठ-मोहऱ्या आणायला आत.

परवा डॉक्टरांनी नातवाच्या वाढीच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगितलं, वजन ९७ च्या रेषेवर गेलंय, उंचीच्या मानानं जास्त आहे, जपा. आजींनी संध्याकाळी चौकात पेढे वाटले. "पहिल्याच परीक्षेत ९७! ह्याच्या बापाला दहावीला ६२ होते."

मी हसतो, पण बेतानं. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ वर्षाची होण्याआधीच जायची. आजींची पाठची दोन भावंडं पाळण्यातच गेली. ती कशी दिसायची, असं विचारलं तर आजी एकच शब्द बोलतात, "काड्या." मग विषय बदलतात, बहुधा तुपाकडे.

आता सुनेनं नाचणीतला गूळ बंद केलाय, रात्रीची बाटलीही. डॉक्टरांचं नाव सांगितल्यावर आजी फणकारल्या, "त्यांचे गाल बघितलेस? आईनं धड जेवायला घातलेलं दिसत नाही, ते आपल्याला शिकवणार!"

पुढच्या लशीला आजी स्वतः गेल्या. पिशवीत डिंकाचे लाडू होते, डॉक्टरांसाठी.