ओलं असेल तर पाणी द्या

तांत्रिक विषय सोपा करून सांगण्यात माझा हातखंडा आहे, असा एक समज आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे. तो मीच पसरवला आहे. ‘थोडक्यात आणि नेमकं कसं बोलावं’ या विषयावर मी दर वर्षी मुलांसमोर अडीच तास बोलतो. चहाची सुट्टी धरून तीन.

या व्याख्यानातला माझा हुकमी एक्का म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. चौकशी आयोगापुढे यानाच्या रॉकेटांतल्या रबरी कड्यांची चर्चा चालली होती. ११ फेब्रुवारीच्या बैठकीत आयोगाचे सदस्य असलेल्या फाइनमननी त्या रबराचा तुकडा छोट्या क्लॅम्पमध्ये आवळला, बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि थोड्या वेळाने क्लॅम्प सोडला. गारठलेलं रबर लगेच पूर्ववत होईना. उड्डाणाच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. झालं, सगळ्यांना कळलं. हे सांगताना मी टेबलावरचा ग्लास उचलून एक घोट घेतो. मुलं वह्यांत ग्लासाचं चित्र काढतात.

यंदाच्या प्रकल्प प्रदर्शनात मला माझा ग्लास गवसला. माझ्या गटातल्या चार मुलांनी शेतीसाठी यंत्र केलं होतं. कुंडीत माती, मातीत खुपसलेला ओलावा मोजणारा सेन्सर, बादलीत बुडवलेला छोटा पंप, मध्ये निर्णय घेणारा आर्डुइनो आणि पंपाची कळ दाबणारा रिले. माती सुकली की पंप सुरू, भिजली की बंद. शेंबड्या पोरालाही कळेल असं. तरीही ते मी समजावून सांगायचं ठरवलं. परीक्षणाच्या तक्त्यात सादरीकरणाला तीस गुण होते आणि नावीन्याला दहा. तक्ता माझाच.

आदल्या संध्याकाळी रिले जळला. पुण्याच्या बुधवार पेठेत जाऊन, घासाघीस करून मी नवा आणला. मार्गदर्शक म्हणून प्रकल्पाला माझं हे एकमेव भरीव योगदान, आणि ते फार महागात पडलं.

सकाळी गटातली लातूरची मुलगी माझ्यामागे लागली. “सर, आधीचा रिले ॲक्टिव्ह हाय होता. हा ॲक्टिव्ह लो आहे.”

“अगं, पाहुण्यांसमोर ही असली भाषा नको. सोपं बोलायचं.”

“पाहुण्यांना नाही सर, तुम्हाला सांगतेय.”

“मलाही सोपंच सांगायचं.”

तिने एक श्वास घेतला. “सर, उलटं—”

तेवढ्यात पाहुणे आले. जुन्या रिलेला आर्डुइनोने पाच व्होल्ट दिले की पंप लागायचा, नव्याला शून्य दिलं की लागतो. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलून एकदा चालवून बघायचं, एवढंच ती सांगत होती. त्यासाठी हवी असलेली दहा मिनिटं मी आरशासमोर प्रास्ताविक घोकण्यात घालवली होती. फाइनमननी तो रबराचा प्रयोग बैठकीआधी गुपचूप करून पाहिला होता, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. माझ्या व्याख्यानात हा भाग येत नाही. वेळ पुरत नाही.

पाहुणे म्हणजे इंदापूरकडचे डाळिंब बागायतदार. पांढरे स्वच्छ कपडे, पायात कोरी कोल्हापुरी. मी सुरुवात केली. तहानलेली माती, माणसाची तहान, तंत्रज्ञानाची संवेदना. कुंडीतली माती ठणठणीत कोरडी होती आणि पंप ढिम्म हलत नव्हता. मी न डगमगता म्हणालो, “यंत्र विचार करतंय.” तरी हलेना. मग मला माझा फाइनमन आठवला. ग्लास उचलला आणि सगळं पाणी कुंडीत ओतलं.

पंप खणखणीत सुरू झाला. टाळ्या पडल्या. मी म्हणालो, “बघा! मातीला ओल लागली आणि यंत्राला कळलं!”

यंत्राला काय कळलं होतं ते आता सांगतो. ओलं असेल तर पाणी द्या. दिलं की आणखी ओलं. म्हणून आणखी द्या. मी पाणीबचतीवर बोलत होतो. कुंडी भरली, काठावरून पाणी टेबलावर आलं, टेबलक्लॉथवरून ओघळत निघालं. श्रोते खाली बघत होते, मला वाटलं विषय भिडलाय. पंगतीतल्या वाढप्यासारखा पंप वाढतच सुटला, आणि मी ‘ठिबकपेक्षाही काटेकोर’ या वाक्यावर असताना पाहुण्यांची कोल्हापुरी भिजली.

मुलीने पुढे होऊन सेन्सर मातीतून उपटला. हवेत तो कोरडा पडला आणि पंप थांबला. अर्ध्या सेकंदाचं काम. मग ती फरशी पुसायला बसली. पाहुणेही चप्पल झटकत शेजारी टेकले.

“पोरी, मोटार मोबाइलवरून चालू-बंद करायचं ते पुण्याच्या ओस्तवालांचं नॅनो गणेश आहेच की. तुमचं येगळं काय?”

“त्यात कधी चालू करायची ते तुम्ही ठरवता. यात मातीने ठरवायचं.”

“आमच्या काळ्या रानात चालंल?”

माझा घसा साफ होईपर्यंत तिने “नाही” म्हणूनही टाकलं. “काळी माती सुकली की भेगा पडतात. सेन्सर भेगेत आला की त्याला हवाच लागते. शेजारी ओल असली तरी तो कोरडंच सांगणार. आणि हा स्वस्तातला आहे, वीज खेळून खेळून त्याची टोकं गंजतात.”

स्वतःच्या प्रकल्पाची इतकी बदनामी मी आयुष्यात ऐकली नव्हती. पाहुण्यांनी मात्र कुंडीतली चिमूटभर माती तळहातावर घेतली, मूठ दाबली, गोळा केला, अंगठ्याने फोडला. “वाफसा आम्ही असा बघतो. ह्यो गोळा तुमच्या यंत्रात किती दाखवतो?” तिने सेन्सर पुसून नव्या गोळ्यात खुपसला. स्क्रीनवर आकडा आला. पाहुण्यांनी अजून घट्ट गोळा केला, अजून सैल केला. वीसेक मिनिटं दोघं चिखलात खेळत होते, बाकीची तिघं आकडे टिपत होती. मी पुढची स्लाइड लावून उभा होतो. ती कुणी बघितली नाही.

निघताना पाहुणे म्हणाले, “मास्तर, सोमवारी पोरांना रानात पाठवा. चार जागची माती बघू दे.”

“मीही येतो ना,” मी म्हणालो. “त्यांना समजावून सांगायला कुणीतरी हवं.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“याच तुम्ही. या आठवड्यात लाईट रात्री अडीचला येती. तवा उठून मोटार चालू करायला माणूस लागतोच.”