कंसातली गावं

मी पत्रक वाचलं नव्हतं असं कोणी म्हणू नये. भूमध्य समुद्रातल्या सात दिवसांच्या क्रूझचं ते चकचकीत पत्रक मी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून तीन वेळा वाचलं. ‘अंतर्भूत’ आणि ‘अंतर्भूत नाही’ या दोन्ही याद्यांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. सहल रद्द केली तर किती टक्के परत मिळतील याचं गणित समासात करून ठेवलं. ३४ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला बारीक अक्षर आधी दिसतं आणि मोठं नंतर. तेवढे कंस वाचायचे राहिले.

पत्रकात होतं ते असं. पहिला दिवस बार्सिलोना. दुसरा, प्रोव्हान्स (मार्सेलिस). तिसरा, फ्लोरेन्स/पिसा (लिव्होर्नो). चौथा, रोम (चिवितावेक्किया). पाचवा, नेपल्स. मग एक दिवस नुसता समुद्र आणि परत बार्सिलोना. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की कंसातला मजकूर गाळला तरी वाक्याच्या अर्थाला बाध येत नाही. क्रूझचं व्याकरण वेगळं आहे. बोट कंसात लागते. कंसाबाहेरचं ज्याचं त्याने बघायचं, आणि ते ‘अंतर्भूत नाही’ या यादीत असतं.

चिवितावेक्किया ते रोम हे अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. म्हणजे पत्रकात ‘मुंबई (खोपोली)’ असं छापायचं, सकाळी पाहुण्याला खोपोलीत उतरवायचं आणि सांगायचं, गेटवे ऑफ इंडिया त्या बाजूला, संध्याकाळी पाचच्या आत परत या. खोपोलीत निदान वडा मिळतो.

बंदरावर उतरायची सुरुवात नाट्यगृहात होते. बोटीवर चांगलं मोठं नाट्यगृह असतं आणि सकाळी पावणेसातला ते हाउसफुल्ल असतं. रंगमंचावर एक मुलगी उभी राहून छातीवर लावायचे आकडे वाटते. आम्हाला २३ मिळाला. हा स्टिकर शर्टाला चिकटत नाही, शर्ट धुतल्यावर मात्र निघत नाही. मग ‘तेवीस’ अशी हाक आली की तेवीसवाल्यांनी उठायचं आणि हातात आकड्याची पाटी धरलेल्या बाईमागून चालायचं. वारीत दिंडीला क्रमांक असतो, पुढे पताका असते, तेव्हा या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. पण दिंडी पंढरपूर दहा मिनिटांत आटोपून पुन्हा आळंदीला जेवायला येत नाही.

मार्सेलिसला गंमत झाली. सगळ्या पत्रकात ज्या एका गावासाठी मी पैसे भरले होते ते नेमकं कंसात होतं, त्यामुळे मला कंसाबाहेर जायचंच नव्हतं. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीच्या पोर्टहोलमधून याच बंदरात उडी घेतली, पोहत धक्का गाठला, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं. त्यावरून फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवादापुढे गेले आणि १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला मार्सेलिस म्हटलं की एवढंच आठवतं. सहलींच्या काउंटरवरच्या मुलीला यातलं काहीच आठवेना. तिच्याकडे आव्हिन्योंचा पोपचा राजवाडा होता, लव्हेंडर होतं, वाइनची चव घेणं होतं. बंदरात उतरून बंदरच बघायचंय म्हणणारा प्रवासी तिला पहिल्यांदाच भेटला असावा. तिने शटल बसचं तिकीट विकलं, कारण आजच्या बोटी जुन्या बंदरापासून कित्येक किलोमीटर लांब लागतात.

जुन्या बंदरात एका गाइडला मी विचारलं, तो कैदी, ज्याने इथे समुद्रात उडी घेतली होती, त्याचं ठिकाण कुठलं? त्याचा चेहरा उजळला. हो हो, माहीत आहे की! आणि त्याने समोरच्या बेटाकडे बोट दाखवलं. बेटावर शातो दीफ नावाचा किल्ला आहे. अलेक्झांडर ड्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’मधला कैदी तिथून पळतो. तिथे जायला होडी आहे, होडीला तिकीट आहे आणि त्या कैद्याची कोठडीसुद्धा दाखवतात. जो कादंबरीबाहेर कधी जन्मलाच नाही त्याची कोठडी. आमच्या गटातल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी धक्क्याच्या कठड्यापाशी सगळ्यांना दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. दीड मिनिटाने शटल आली.

रात्री मी केबिनमध्ये पोर्टहोल कुठे आहे ते बघितलं. आमची केबिन आतल्या बाजूची होती. खिडकीच नव्हती.

लिव्होर्नोला कंसाच्या जोडीला तिरकी रेघ होती. फ्लोरेन्स/पिसा. मी समजत होतो की ही रेघ ‘आणि’ची आहे. ती ‘किंवा’ची निघाली. फ्लोरेन्सला जायला बसने दीड तास, पिसाला अर्धा, म्हणून गुडघ्यांचा विचार करून ही म्हणाली, पिसा. पिसाचा मनोरा ११७३ मध्ये बांधायला घेतला आणि तिसऱ्या मजल्याच्या सुमाराला खालची भुसभुशीत जमीन दबून तो कलू लागला. तरी त्यांनी जवळपास दोनशे वर्षं वर मजले चढवत नेले. आमच्या बसमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, “शेवटचं बिल कोणी पास केलं असेल?” पुढे १९९० पासून २००१ पर्यंत मनोरा बंद ठेवून, उंच बाजूच्या पायाखालची माती काढून काढून इंजिनिअरांनी तो चाळीसएक सेंटिमीटर सरळ केला. अकरा वर्षांत चाळीस सेंटिमीटर. आजूबाजूच्या हिरवळीवर मात्र किमान दोनशे माणसं दोन्ही हात हवेत टेकवून तो एका मिनिटात सरळ करत होती. हिनेही केला. फोटोत हिचा हात मनोऱ्यापासून बराच बाजूला आला आहे आणि ही कोणाला तरी थांबवते आहे असं वाटतं.

फ्लोरेन्सला गेलेले संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचे फोटो दाखवत होते. भर चौकात, उघड्यावर, काय ती कला! मूळ पुतळा १८७३ मध्येच तिथून हलवून संग्रहालयात नेला आहे आणि चौकात आहे ती प्रतिकृती, ही माहिती त्यांना गाइडने दिलेली दिसत नव्हती. ती मी दिली. ताक संपेपर्यंत कोणी बोललं नाही.

आता रोम.

धक्क्यावरून आठ वाजता निघालेली बस पावणेदहाला शहरात शिरली. परतीची वेळ धरून आमच्या वाट्याला रोम साडेपाच तास आलं. या साडेपाच तासांचा हिशेब माझ्याकडे लिहिलेला आहे. कलोसियम, वीस मिनिटं. पत्रकात त्यापुढे ‘फोटो स्टॉप’ असं होतं. सहलीच्या धंद्यातले हे शब्द एकदा समजून घेतलेले बरे. ‘भेट’ म्हणजे आत जायचं. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे खाली उतरायचं, पण आत जायचं नाही. ‘ओरिएंटेशन टूर’ म्हणजे खालीही उतरायचं नाही. इ. स. ८० मध्ये सुरू झालेल्या त्या प्रेक्षागारात पन्नासएक हजार माणसं बसत असत. तळमजल्याला ८० कमानी, कमानींवर रोमन आकडे कोरलेले. प्रेक्षकाने आपला आकडा बघायचा आणि त्या कमानीतून आत जाऊन जागेवर बसायचं. त्यातले काही आकडे अजून दिसतात. मीही माझा शोधला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमनाला आकडा दिला की आत सोडत. मला आकडा देऊन बाहेर उभं केलं होतं.

सेंट पीटर्सला रांग होती. शिर्डीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे आम्ही रांगेकडे एक नजर टाकली, अंदाज केला आणि कळसाचं दर्शन घेऊन निघालो. तसंही आमच्यातले दोघे गुडघ्यापर्यंतच्या पँटीत होते आणि गुडघे उघडे असले तर आत सोडत नाहीत, ही सूचना त्यांना बसमधून उतरल्यावर मिळाली होती.

त्यानंतर भारतीय जेवण, एक तास पंचवीस मिनिटं. रोममध्ये आम्ही सगळ्यांत जास्त वेळ ज्या गोष्टीच्या सान्निध्यात काढला ती पनीर बटर मसाला होती. ती बरी होती.

ट्रेव्ही कारंजात पाठमोरं उभं राहून नाणं टाकलं की माणूस पुन्हा रोमला येतो म्हणतात. हिने पन्नास सेंट टाकले. मी म्हटलं, पुन्हा म्हणजे काय, आधी एकदा आलो असं म्हणायला जागा हवी. कारंजातली नाणी गोळा करून कॅथलिक धर्मादाय संस्थेला देतात असं गाइडने सांगितलं, तेव्हा मी ते पन्नास सेंट वहीत ‘देणगी’खाली टाकले. स्वच्छतागृहाचा एक युरो कुठल्या खात्याला टाकावा हे अजून ठरलेलं नाही. शंभर रुपये होतात. त्यापेक्षा कॉफी घेतली तर स्वच्छतागृह फुकट, म्हणून कॉफी घ्यायला गेलो. इटलीत कॉफी उभ्याने प्यायली तर एक भाव, टेबलाशी बसून प्यायली तर त्याच कॉफीचा दुसरा. आमच्या गटातल्या डोंबिवलीच्या काकू म्हणाल्या, “उभं राहायचं काय एवढं?” त्यांनी तीस वर्षं सव्वाआठची लोकल केली आहे.

पाण्याची बाटली बसचा ड्रायव्हर एक युरोला विकत होता. सगळ्यांनी दोन-दोन घेतल्या. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे अडीचएक हजार सार्वजनिक नळ आहेत, रात्रंदिवस वाहतात, पाणी गार आणि फुकट असतं, हे बस सुटायच्या दहा मिनिटं आधी कळलं. त्यातल्या एकाच्या शेजारी आम्ही अर्धा तास उभे होतो.

परत चिवितावेक्कियाला आल्यावर धक्क्यावर पुन्हा रांग. समोर किल्ला होता, तो फोटो स्टॉपसुद्धा नव्हता. हे बंदर सम्राट ट्रेजनने बांधवलं. त्यानंतर तिथे काय झालं हे कोणी सांगत नाही, पण मला एक माणूस ठाऊक आहे. स्तांदाल हा फ्रेंच कादंबरीकार १८३१ मध्ये इथे फ्रान्सचा वाणिज्यदूत म्हणून आला. त्याला या गावात इतका कंटाळा आला की तो सारखा रोमला पळे, आणि एकदा रजा घेऊन पॅरिसला गेला तो तीन वर्षं आलाच नाही. त्या रजेत त्याने एक मोठी कादंबरी लिहिली. बँकेत अशी रजा मंजूर झाली नसती, पण माणसाचं दुःख मला समजलं. त्याची नेमणूकच कंसात झाली होती.

नेपल्सपुढे कंस नव्हता. बोट अगदी शहराच्या पोटात लागते, उतरलं की समोर किल्ला, पलीकडे पिझ्झा. मला भरून आलं. पण इथे उतरून नेपल्समध्ये कोणी थांबत नाही असं कळलं. सगळे पॉम्पेईला जातात, पंचवीसएक किलोमीटर. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव. इथे मात्र मी तक्रार आवरती घेतो. त्या रस्त्यांवर पलीकडे जायला उंच दगडांचे टप्पे ठेवले आहेत, म्हणजे पावसापाण्यात पाय भिजत नाहीत, आणि दगडांमधल्या फटींतून गाड्यांची चाकं जातात. फरशीत चाकोऱ्या उमटलेल्या आहेत, चाकोरी या शब्दाचा खरा अर्थ बोटांनी तपासता येतो. आमच्या गल्लीत जुलैत आम्हीही विटा टाकतो, त्या ऑगस्टपर्यंत राहत नाहीत. रस्त्याकडेला गरम जेवणाची दुकानं आहेत, दगडी ओट्यात रांजण पुरलेले. मी एका ओट्यापाशी उभा राहून आत वाकून बघितलं. मागून पाटीवाली बाई म्हणाली, तेवीस, चला.

पॉम्पेईला दीड तास दिला होता. शिंपल्यावर कोरीवकाम करणाऱ्या दुकानाला पन्नास मिनिटं. तिथे ‘भेट’ होती, आत जाता येत होतं, बसायला खुर्च्या होत्या आणि स्वच्छतागृहाला पैसे नव्हते.

न्यायाने एक गोष्ट लिहिली पाहिजे. बंदरावर एक प्रेक्षणीय स्थळ असं आहे की जे पूर्ण बघता येतं, बसून बघता येतं आणि ज्याला वेगळे पैसे पडत नाहीत. बोट सुटायच्या सुमाराला वरच्या डेकवर यायचं आणि उशीर झालेली माणसं धक्क्यावरून धावत येताना बघायची. बोटीच्या सहलीतून गेलेल्यांसाठी बोट थांबते. स्वतः ट्रेन पकडून स्वस्तात रोम बघून येणाऱ्यांसाठी थांबत नाही. वरून टाळ्या वाजतात, शिट्ट्या वाजतात. रोमच्या दिवशी एक जोडपं पिशव्या सांभाळत धावत आलं, आणि अगदी शेवटच्या क्षणी आत घेतलं गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. त्यांनी बहुतेक कलोसियम आतून बघितलं होतं.

घरी आल्यावर अभिप्रायाचा फॉर्म आला. ‘आपल्या सूचना’ या मथळ्याखाली दोन ओळींची जागा होती. मी लिहिलं: कंस मोठ्या टाइपात छापावेत, गावं कंसाबाहेर आणावीत, शहरं कंसात घालावीत. चौथी गोष्ट मावली नाही.

मे महिन्यात पुन्हा जातोय. अथेन्स (पिरेअस). कंसाचं अंतर नकाशावर मोजून घेतलं, दहाएक किलोमीटर निघालं. आगाऊ रक्कम भरली आहे.