प्रयोगशाळेचं कुलूप

दहावीपर्यंत जे 'त्वरण' असतं, ते अकरावीच्या पहिल्या आठवड्यात 'अ‍ॅक्सिलरेशन' होतं. पोलादपूरच्या डोंगरवाडीतून पहाटेची एसटी पकडून आलेली पोरगी मान डोलावते. सरांना वाटतं, कळलं. तिला कळलेलं असतं एवढंच की, आता विचारायचं नाही.

मग ती पाठ करते.

फिजिक्स अवघड, असं घरोघरी ऐकू येतं. नववीत हेच 'गतीचे नियम' मराठीत शिकून चांगले मार्क मिळवलेली मुलगी दोन वर्षांत मठ्ठ होते का? न्यूटन तोच, नियम तेच. भाषा बदलली आणि बदलताना तिचा हात कुणी धरला नाही.

अकरावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा मोजमापाचा. व्हर्नियर कॅलिपर मिलिमीटरचा दहावा भाग दाखवतो. पण तो बऱ्याच ठिकाणी कपाटातून बाहेर येतो परीक्षेच्या तोंडावर. शंभरातले 30 मार्क प्रॅक्टिकलचे, म्हणून जर्नल तर हवंच. ते मागच्या वर्षीच्या ताईचं उतरवायचं, आकड्यांसकट. न मोजता मोजमाप लिहायला आपण सोळाव्या वर्षीच शिकवतो. पुढे हीच मुलं पुलाची तपासणी करणार आहेत.

आणि प्रयोगशाळा नाही म्हणून रडायचं कुठे? महाड-पोलादपुरात?

आंबेनळी घाटात वीस मीटर त्रिज्येचं एखादं सपाट वळण धरा. ताशी 18 किलोमीटरने गाडी वळवायला जेवढं बल लागतं, त्याच्या चौपट ताशी 36 ला लागतं. वेग दुप्पट, बल चौपट. हे बल येतं टायर आणि डांबर यांच्या घर्षणातून, आणि 36 च्या वेगाला ते गाडीच्या वजनाच्या निम्म्याएवढं लागतं. जुलैत रस्त्यावर लाल चिखल आलेला असताना ते मिळेल? बारावीच्या पहिल्या धड्यात हे सूत्र आहे. पोरं ते तोंडपाठ म्हणतात आणि त्याच घाटातून जीपमध्ये दाटीवाटीने बसून घरी जातात.

सावित्री नदीचं तेच. घनमीटरभर पाणी म्हणजे एक टन. सेकंदाला तीन मीटर वेगाने आलं, तर आडव्या आलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण साडेचारशे किलोंचा रेटा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात महाडचा ब्रिटिशकालीन पूल गेला, दोन एसटी गाड्या गेल्या. त्या नदीच्या काठावरच्या वर्गात प्रवाहाचा दाब शिकवताना उदाहरण कुठलं देतात? नळीतल्या पाण्याचं.

तळिये, 22 जुलै 2021. दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. उतारावरचा ठोकळा का घसरतो, हे अकरावीला चित्र काढून शिकवतात. पावसाचं पाणी मातीच्या कणांमधल्या फटींत भरतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते, घर्षण घटतं आणि डोंगर खाली येतो. पुस्तकातला ठोकळा आणि तळियेचा डोंगर यांत अंतर दोन वाक्यांचं आहे. ती दोन वाक्यं वर्गात म्हणायला हवीत, मराठीत.

वेळ नाही, असं उत्तर येतं. सीईटी आहे. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न, 90 मिनिटं. एका प्रश्नाला 54 सेकंद. क्लासवाले मग पर्याय गाळण्याच्या युक्त्या शिकवतात, आणि फी युक्त्यांचीच भरली जाते. 54 सेकंदांत 'कुठला?' विचारता येतं, 'का?' नाही.

दरड कोसळण्याआधी झऱ्याचं पाणी गढूळ झालं, झाडं कलली, जमिनीला भेग पडली, तर त्याचा अर्थ वाडीत सगळ्यांत आधी कुणाला कळायला हवा? सायन्सला असलेल्या पोरीलाच ना?

पालकांनो, येत्या पालकसभेत टक्के विचारण्याआधी एवढं विचारा: या महिन्यात प्रयोगशाळेचं कुलूप किती वेळा उघडलं?