आपण रामोसले घेतलं पाहिजे

"सर, मी सांगून ठेवतो, आपण रामोसले घेतलं पाहिजे."

दर्यापूर, बस स्टँडसमोरची टपरी, १० नोव्हेंबर २०२४ ची सकाळ. विधानसभेचं मतदान दहा दिवसांवर आलेलं. त्यामुळे शेजारच्या बाकावरचे एक कार्यकर्ते दचकले.

"कोण हाय बॉ हा रामोस? आपल्याकडे येऊन राह्यला काय?"

"येईन ना! फुकट हाय. फ्री एजंट!"

"अस्सं. म्हणजे तिकीट नाई भेटलं त्याले."

असं 'आपण' म्हणणारा माणूस तुमच्याही गावात आहे, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. तुमच्याकडे त्याचं 'आपण' म्हणजे लिव्हरपूल असेल, नाही तर मुंबई इंडियन्स. आमच्या रामोसभाऊचं 'आपण' म्हणजे रिअल माद्रिद, स्पेनचा फुटबॉल क्लब; आणि रामोस म्हणजे त्या क्लबचा जुना बचावपटू. भाऊचं खरं नाव गावानं कधीच टाकून दिलं. मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हाही हा गडी मूर्तिजापूरच्या पलीकडे क्वचितच गेला असेल. पण बोलताना वाटतं, काल रात्रीच माद्रिदहून परतला आणि सामान अजून मूर्तिजापूरला अडकलंय.

आदल्या दिवशी ओसासुनाविरुद्ध आपण चार-शून्यनं जिंकलो होतो. (पाहा, मलाही लागण झाली.) पण त्या सामन्यात बचावातल्या मिलिटाओचा गुडघा गेला. बचावातलाच कार्वाहाल ऑक्टोबरातच जायबंदी झालेला, अलाबा त्याच्याही आधी, डिसेंबर २०२३ पासून. रामोसभाऊ टपरीवर आला तो डोळे लाल करून. "आपला मिलिटाओ गेला," एवढंच म्हणाला आणि बाकावर बसला. एका आजोबांनी हातातला कप खाली ठेवला, डोक्यावर दुपट्टा घेतला आणि हळूच विचारलं, "किती वाजता काढतात?"

हे 'आपण' फार विचित्र आहे. स्वतःच्या घराला ते लागू होत नाही. ओसरीचं टिन गेले तीन पावसाळे गळतंय. विचारलं की म्हणतो, "सांगतलं ना म्या त्यायले." घरात माणसं दोनच, हा आणि याची माय. म्हणजे 'ते' कोण, हे गणित गावातल्या गणिताच्या मास्तरांनाही सुटलेलं नाही. ऑक्टोबरात बार्सिलोनानं आपल्याच मैदानावर आपल्याला चार गोल मारले, तेव्हा हा सोयाबीन घेऊन मार्केट यार्डात उभा होता. हमीभाव तेव्हा क्विंटलला ४,८९२ रुपये. अडत्यानं त्याच्या बराच खालचा आकडा सांगितला आणि यानं मान डोलावली. वर मलाच म्हणतो, "पैशाकडे पाहून चालत नाई सर, आपण डिफेंडरवर खर्च केला पाहिजे."

'फ्री एजंट' हा प्रकार त्यानं टपरीला समजावला तो मात्र मान्य करण्यासारखा होता. "सालदार पाह्यला ना? पाडव्याले साल संपलं का गडी मोकळा. आधी फुटबॉलमंदी तसं नोतं. साल संपलं तरी जुना मालक म्हणे, माह्ये पैसे द्या, मंग न्या. बोसमन नावाचा बेल्जियमचा गडी कोर्टात गेला. १९९५ मंदी निकाल लागला. तवापासून करार संपला का खेळाडू मोकळा." युरोपच्या न्यायालयाला हे इतक्या थोडक्यात मांडता आलं नव्हतं.

मी वाद घालायचो. रामोस अडतीस वर्षांचा झालाय. उन्हाळ्यात सेव्हिया सोडल्यापासून घरी बसलाय. इकडे मिलिटाओच्या जागी उतरलेला असेन्सिओ एकवीस वर्षांचा, क्लबच्याच तालमीतला. पहिल्याच सामन्यात बेलिंगहॅमला असा लांब चेंडू दिला की गोल झाला. घरचं पोरगं असताना बाहेर कशाला पाहायचं?

"वय काय पाहता सर? अनुभव पाहा! आपल्यासाठी ६७१ मॅच खेळला. डिफेंडर असून १०१ गोल. मागणं जास्त नाई, उद्या बोलावलं तं उद्या येते. अन् माणूस घरी बसला म्हणजे वाया गेला काय?"

शेवटच्या वाक्याला आवाज जरा चढायचा. मी ते चहाच्या खात्यात टाकायचो.

डिसेंबरात एका रात्री त्याच्या वावरात गेलो. हरभऱ्यात रोही (नीलगायी) शिरतात, रानडुकरं तर विचारूच नका; म्हणून हा रोज जागलीला असतो. माद्रिदचा रात्री नऊचा सामना आपल्याकडे दीडला लागतो, ते त्याच्या पथ्यावरच पडतं. माळ्यावर घोंगडी, बॅटरी, फटाके आणि मोबाइल. खालची जमीन काळी, पण खारपाणपट्ट्यातली. बोअरचं पाणी पिकाला चालत नाही, जे पिकतं ते ओलीवर. मध्येच कळप आला. सामना सोडून हा टुणकन उतरला आणि काट्याकुट्यातून अनवाणी धावत त्यानं एकट्यानं सात-आठ रोही धुऱ्याबाहेर काढले. परत आला तेव्हा आपण एक गोल खाल्ला होता. अशा बचावपटूला चहाटपरीवर वाया घालवणारं गाव म्हणजे आमचंच.

दम खात तो २०२१ ची गोष्ट सांगू लागला. क्लबनं रामोसला एका वर्षाचा करार देऊ केला, पगार कापून. रामोसला दोन वर्षं हवी होती. घासाघीस चालली. शेवटी तो हो म्हणाला, तर उत्तर आलं, मुदत संपली. सोळा मोसम खेळलेला माणूस रडत बाहेर पडला.

"आपणबी तेच केलं सर," तो मोबाइलकडे पाहत म्हणाला. "अकोटची सोयरीक होती. आपण म्हटलं, तूर निघू द्या, टिन बदलू द्या, मंग पाहू. आपण हो म्हणेपर्यंत तिकडं पुण्याचा नोकरीवाला ठरला."

मी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याच्या 'आपण'मध्ये माद्रिद नव्हतं, असं हे पहिल्यांदाच झालं. मग माझ्या डोक्यात टपरीवरची सगळी वकिली पुन्हा वाजू लागली. वय काय पाहता, अनुभव पाहा. मागणं जास्त नाई. घरी बसला म्हणजे वाया गेला काय.

माद्रिदनं रामोसला घेतलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेक्सिकोच्या मॉन्टेरीनं घेतलं. त्यानं पाठीवर ९३ आकडा लावला. २०१४ साली लिस्बनमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्र्याण्णवाव्या मिनिटाला डोक्यानं मारलेल्या गोलाची आठवण म्हणून. रामोसभाऊनं त्या दिवशी टपरीवर सगळ्यांचा चहा दिला. "लागला बिचारा कुठंतरी," म्हणाला.

म्हणून वाचकहो, एक विनंती. स्थळ : दर्यापूर तालुका. वय, रामोसएवढंच. पाच एकर काळी जमीन, बोअरचं पाणी खारं. घरी फक्त माय. ओसरीचं टिन गळतं, पण सांगितलंय. बचावाचा अनुभव दांडगा. देणंघेणं काही नाही. कोणाच्या पाहण्यात असेल तर बस स्टँडसमोरच्या टपरीवर सकाळी आठच्या आत यावं. नंतर तो झोपतो.