उन्हाच्या आड लपणाऱ्या गाजर गवतास

गाजर गवता,

तुला नमस्कार लिहायला हात धजत नाही. 1956 साली पुण्यातून तुझी नोंद झाली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलंस, असं लोक सांगतात. कसंही आलं असशील, पण बांध, गायरान, रेल्वेच्या कडा, शाळेची पटांगणं, सगळं गिळलंस. त्याचा राग आहेच. हे पत्र मात्र आमच्या माणसांच्या चेहऱ्यांबद्दल आहे.

शेतकरी पन्नाशीचा असतो. पावसाळ्यात त्याच्या पापण्या सुजतात, मानेच्या वळ्या आणि कोपराच्या खोबणी खाजून लाल होतात. घरचे म्हणतात, ऊन बाधलं. आणि तू पांढरी फुलं मिरवत बांधावर डुलत असतंस! तुझ्या लवेत आणि परागांत पार्थेनिन नावाचं द्रव्य आहे; वाऱ्यावर ते माणसापर्यंत पोचतं. तू वाळलंस तरी तुझा भुगा छळायचं सोडत नाही. शरीर एकदा त्यावर बिथरलं की दर हंगामाला बिथरतं. काहींच्या बाबतीत तर पुढे उन्हाशीच वैर जडतं. डॉक्टर त्याला क्रॉनिक ॲक्टिनिक डर्मटायटिस म्हणतात. कपाळ, मानेची मागची बाजू, पंजांची पाठ, जिथे ऊन लागतं तिथली कातडी काळवंडते, जाड होते, भेगाळते. अतिनील किरणांतले काही काचेतूनही येतात, त्यामुळे एसटीत खिडकीची जागासुद्धा नकोशी होते. चेहरा फारच जाड झाला तर शेजारी कुष्ठरोगाच्या शंकेने दूर बसतात. गवताने जडलेला हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मग स्टेरॉइडची मलमं, ॲझाथायोप्रिनच्या गोळ्या, त्या चालू आहेत तोवर वरचेवर रक्ततपासणी. डॉक्टर सांगतात, उन्हात जाऊ नका आणि त्या गवतापासून लांब राहा. ज्याचं पोट शेतावर आहे त्याने हे दोन्ही पाळायचं म्हणजे शेतच सोडायचं. इतकं नुकसान तू करतंस आणि दोष सूर्याच्या माथी जातो, याची मला चीड येते.

मेक्सिकोचा भुंगा 1984 पासून तुझी पानं कुरतडतो आहे. तुझं एकेक झाड हजारो बिया टाकतं, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर आम्ही बसणार नाही. यंदा पाऊस पडून जमीन भुसभुशीत झाली की, तू फुलायच्या आत, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे सदरे घालून गावातली पोरं तुला मुळासकट उपटायला येतील. ज्यांच्या कातडीला तू आधीच छळलं आहेस, त्यांना त्या दिवशी शिवाराकडे फिरकू देणार नाही.

तुझा वैरी,
एक गावकरी