पाच डोकी, एक ड्रोन

एडिसन, न्यू जर्सी

ती. दादा आणि वहिनी,


चिरंजीवांच्या कॉलेजच्या लघुपटाची सुरुवात काय असावी यावर लातूरच्या घरी रोज बैठक बसते आणि चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा यांच्या फेऱ्या झडतात, हे कळलं. विषय २०१६ची पाणीटंचाई. लघुपट करणाऱ्या पाचही पोरांचं एकमत झालंय म्हणे: ड्रोनमधून भेगाळलेली जमीन, मग शिट्टी वाजवत येणारी पाण्याची रेल्वे. इतक्या लवकर एकमत आपल्याकडे लग्नाच्या आचाऱ्यावरही होत नाही, म्हणूनच इथे आम्हाला शंका आली.

आमचं म्हणणं एवढंच, की सुचवायचं एकेकट्यानं आणि निवडायचं मिळून. एकत्र बसा, सुचेल ते बोला, कुणालाही नावं ठेवू नका, ही रीत इथल्याच ॲलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरातवाल्यानं १९५३च्या पुस्तकातून गाजवली. १९५८ साली येल विद्यापीठात ती पारखली गेली. वेगवेगळे बसवलेल्या चौघांच्या याद्या एकत्र केल्या, तर एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा जास्त कल्पना निघाल्या. उघड आहे, एक बोलतो तोवर बाकीचे आपलं तोंडात धरून बसतात, आणि पाळी येईपर्यंत ते विसरतं तरी किंवा फालतू वाटायला लागतं. आपल्याकडे तर ज्याचा आवाज मोठा तोच दिग्दर्शक. शिवाय स्टासर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५मध्ये दाखवलं, की गट सगळ्यांना आधीच ठाऊक असलेलंच चघळतो. एकट्याजवळचं एकट्याजवळच राहतं. पाण्याच्या रेल्वेचं तेच झालंय. १२ एप्रिल २०१६ला ती मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, देशभर टीव्हीवर दिसली. म्हणून पाचांनाही तीच आठवते. पण तेव्हा ही पोरं लहान होती, प्रत्येकानं आपापल्या घरातलंही काही पाहिलं असेल. कुणाच्या तरी अंगणात झाकणाला कडी ठोकून कुलूप घातलेलं टिपाड असेल, किल्ली आजीच्या पदराच्या गाठीत. ते बैठकीत निघणार नाही, कारण त्यावर मान डोलवायला दुसरं कुणी नाही.

दादा, तुम्ही म्हणाल, सिनेमा काय एकट्यानं होतो? नाहीच होत. दादासाहेब फाळक्यांच्या घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई स्वयंपाकापासून फिल्म धुण्यापर्यंत राबल्या. पण सुरुवात पाहा: त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सुरू होतो तो राजा मुलाला धनुर्विद्या शिकवत असताना. गोष्ट प्रेक्षकांना पाठ होती. आपल्या बैठकीनं थेट स्मशानच उघडलं असतं, तेही वरून. वहिनी म्हणतील, बुजरं पोरगं एकटं काय लिहिणार? उलट, चारचौघांत गप्प बसणाऱ्यालाच कागद सोयीचा. चिठ्ठीवर नाव नको, आणि अक्षर ओळखू येत असेल तर मोबाईलवर लिहा. रेल्वेशिवाय लातूर कळेल कसं, हा आक्षेप मात्र खरा आहे. रेल्वे हवीच, पण तिसऱ्या मिनिटाला. कुलपातलं टिपाड आधी पाहिलं, की पाच लाख लिटर म्हणजे किती ते वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हा पाचांना पाच घरी बसवा, प्रत्येकाकडून चिठ्ठ्या घ्या, मग खुशाल भांडू द्या. निवडताना भांडण झालं तर बरंच. आणि ड्रोनवाल्याला विसार दिला असेल, तर तो आजच परत मागा.

आपले,
न्यू जर्सीकर मंडळी