आधी तपासा, मग गोळी द्या

श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, पोर्शेच्या कारखान्याच्या गावात, नोकरीनिमित्त बिऱ्हाड हलवणाऱ्या लेकी-सुनांना एक सांगणं. अंगावरून पांढरं जातं म्हणून पुण्याच्या केमिस्टकडून घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं बॅगेत भरू नका. तिथं स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. स्राव काचपट्टीवर घेऊन दवाखान्यातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत त्या देशात मुरलेली आहे.

तपासणी काही मिनिटांची. आम्लता मोजणारा पीएच कागद 4.5 च्या वर दाखवत असेल तर जिवाणूंचा समतोल बिघडलाय किंवा ट्रायकोमोनास हा परजीवी असू शकतो. बुरशीत पीएच बहुधा नेहमीइतकाच राहतो. सलाईनच्या थेंबात ट्रायकोमोनास वळवळताना दिसू शकतो, पोटॅशच्या थेंबात बुरशीचे धागे. तीन वेगळे आजार, औषधंही वेगळी. योनीतली आम्लता राखणारे जिवाणू डोडरलाइन या जर्मन डॉक्टरने 1892 मध्ये दाखवले. म्हणजे ज्ञानही नवं नाही.

आणि आपल्याकडे? सरकारी कार्यक्रमात पांढरं जाण्यावर गोळ्यांचं हिरवं पाकीट ठरलेलं आहे: सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, लक्षण ऐकून एकदमच. साधनं नसतील तिथं हा नाइलाज समजू शकतो. पण शहरातल्या चकाचक दवाखान्यांतही बाईला टेबलावर न घेता चिठ्ठी खरडली जाते, हा नाइलाज नाही, हेळसांड आहे. शिवाय ट्रायकोमोनास असेल तर नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. नावच कळलं नाही तर त्याला बोलावणार कोण? बाई गोळ्या खात राहते, आजार परत येत राहतो आणि बोल तिच्याच स्वच्छतेला लागतो.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. ‘लॅन्सेट’मध्ये 1989 साली आकडे छापून आले: 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झाली होती फक्त 8 टक्क्यांची. त्या आजारांत निम्मा वाटा संसर्गांचा होता. हे महाराष्ट्रातलंच संशोधन, जगाने वाचलेलं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापाच्या काचा पाहायला सूक्ष्मदर्शक असतो. त्याच भिंगाखाली बायकांची काचही पाहिली गेली पाहिजे, आणि पीएचच्या पट्ट्या प्रत्येक केंद्रात हव्यात. बायांनो, पुढच्या वेळी चिठ्ठी घेण्याआधी विचारा: डॉक्टर, तपासलंत का?